‘गुडघ्यात वाका’ या पोस्टरबद्दल माझी तक्रार

कामाच्या ठिकाणी ओझं उचलण्याचं ट्रेनिंग म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. डावीकडे कंबरेतून वाकलेला माणूस, त्याच्यावर लाल फुली. उजवीकडे उकिडवा बसून खोकं उचलणारा, त्याला हिरवी खूण. खाली ओळ: पाठ ताठ ठेवा, गुडघ्यात वाका. गोदाम असो, कारखाना असो, हे पोस्टर भिंतीवर असतंच आणि त्याच्याच खाली अख्खी पाळी माणसं कंबरेतून वाकून माल उचलत असतात. सुपरवायझर कपाळाला हात लावतो, "सांगून सांगून थकलो, ऐकतच नाहीत."

ऐकत नाहीत याला कारण आहे. दर वेळी उकिडवं बसून उठायचं म्हणजे खोक्यासोबत स्वतःचं शरीरही वर न्यायचं. दम लागतो, मांड्या भरून येतात. शिवाय खोकं दोन गुडघ्यांच्या मधे मावलं तरच त्या बसण्याचा फायदा. रुंद खोकं असलं की गुडघे आडवे येतात, खोकं अंगापासून आणखी लांब जातं आणि कंबरेवरचा ताण उलट वाढतो. दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास बरेच झालेत. बसून उचलणं प्रत्येक वेळी सरस, असं त्यातून काही ठरलेलं नाही.

सगळा खेळ अंतराचा आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटर मागे असतात. ओझं पुढे 50 सेंटिमीटरवर धरलं, तर 20 किलो तोलण्यासाठी त्या स्नायूंना साधारण 200 किलोइतका जोर लावावा लागतो. तराजूच्या एका बाजूची दांडी दुसरीपेक्षा दहापट आखूड असावी तसं. पुढे झुकलेल्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही. तेच खोकं निम्म्या अंतरावर ओढून घेतलं की त्या खोक्यापुरता जोर निम्मा. आणि हा सगळा दाब जाऊन पडतो तो कंबरेतल्या मणक्यांमधल्या शेवटच्या गादीवर.

म्हणून "माणसाने किती किलो उचलावं?" या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषासाठी 55 किलोचा आकडा दिला, पण तो शिफारशीतला: याच्या वर वजन वाहिलं जात असेल तर लवकरात लवकर इथपर्यंत खाली आणा, एवढाच त्याचा अर्थ. अनेकांनी तो "55 पर्यंत चालतं" असा वाचला. दुसरीकडे अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचं सूत्र 23 किलोपासून सुरू होतं, आणि तेही सगळं जुळून आलं तर: खोकं अंगालगत, उंची 75 सेंटिमीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या हाताच्या मुठीजवळ, पकड चांगली, अंग पिळायचं नाही, आणि उचलायचं अधूनमधूनच.

आता एकेक सूट काढून घ्या. खोकं जमिनीवर ठेवलं: 18 किलोच्या आत आलो. त्यात ते अंगापासून 50 सेंटिमीटर दूर आहे: 9 च्या आत. वर 45 अंश वळून उचलायचं आहे: साडेसातच्या आसपास. तासन्‌तास हेच करायचं असेल तर अजून खाली. माणूस तोच, ताकद तीच, फक्त खोकं कुठे ठेवलंय ते बदललं.

आणि ते कुठे ठेवायचं हे उचलणारा ठरवत नाही! रॅक कोणी लावला, जड माल तळाच्या कप्प्यात कोणी टाकला, टेबलाची उंची कोणी ठरवली, पुठ्ठ्याच्या खोक्याला हात घालायला भोकं का नाहीत? हे निर्णय ऑफिसात बसलेल्यांचे. कंबर मात्र खालच्याची धरते, आणि मग रिपोर्टमध्ये लिहिलं जातं, "कामगाराने चुकीच्या पद्धतीने वजन उचलले."

हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. उसण भरते ती एका क्षणाला, हे खरं. कधी कधी तर साधी फाइल उचलताना भरते. पण त्याआधी महिनोन्‌महिने त्या गादीवर दाब पडत आलेला असू शकतो. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे तिची झीज भरून यायला फार वेळ लागतो. खापर मात्र शेवटच्या खोक्यावर.

या गाद्या रात्री झोपेत पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण सेंटिमीटरभर उंच असतो. तेव्हा वाकलं की त्यांच्यावरचा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा जास्त. आणि पहाटेच्या पाळीत सगळ्यात आधी काय असतं? गाडी खाली करणं. पहिला अर्धा तास हलकी कामं ठेवायला काय खर्च येतो, मला खरंच कळत नाही.

मग ट्रेनिंग बंद करायचं? नको, पण त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवायची तेवढं कळू द्या. ओझं उचलण्याच्या ट्रेनिंगवरच्या चाचण्या एकत्र तपासणारा, ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा 2011 मध्ये आला. नुसत्या सल्ल्याने आणि ट्रेनिंगने कंबरदुखी टळते, असा पुरावा त्यात मिळाला नाही. कंबरेच्या पट्ट्याचंही तेच. अमेरिकेत 160 दुकानांतल्या 9 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर केलेला नायोशचा अभ्यास 2000 साली छापून आला; पट्टा बांधणाऱ्यांच्या आणि न बांधणाऱ्यांच्या दुखापतींत फरक दिसला नाही. तरी पट्टे वाटले जातात, कारण पट्टा वाटतानाचा फोटो चांगला येतो.

ब्रिटनच्या 1992 च्या नियमांतला क्रम मला पटतो. आधी विचारा, हे हाताने उचलायलाच हवं का? टाळता येत नसेल तर धोका तपासा. मग तो कमी करा. साधी गोष्ट: पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, जमिनीवर न ठेवता दोन रिकाम्या पॅलेटवर ठेवलं तरी वाकणं बरंच कमी होतं. ट्रॉली असते, पण तिचं एक चाक अडकलेलं असतं आणि दुरुस्तीचा अर्ज कुठेतरी पडून असतो. माणूस दोनदा ढकलून बघतो, तिसऱ्यांदा खांद्यावर घेतो. तुम्हीही तेच कराल.

गंमत म्हणजे 1929 सालापासून एक आंतरराष्ट्रीय करार आहे: जहाजाने जाणाऱ्या 1,000 किलो किंवा त्याहून जड नगावर त्याचं वजन लिहिलेलं असलंच पाहिजे. क्रेनवर अंदाजाने भार टाकायचा नाही, हे तेव्हाच मान्य झालं होतं. हाताने उचलायच्या खोक्यावर बारकोड असतो, जाहिरात असते, वरची बाजू दाखवणारा बाण असतो. वजन मात्र कित्येकदा उचलल्यावरच कळतं. वजन किती आणि जड बाजू कोणती, हे शक्य असेल तिथे कामगाराला नेमकं सांगायला हवं, असं युरोपच्या 1990 च्या निर्देशात स्पष्ट आहे. माल पाठवणाऱ्याच्या कागदांवर बहुतेक वेळा हा आकडा असतोच. तो खोक्यावर उतरवायला एक मार्कर पेन पुरतं.