नाव मागाहून द्या, आधी झाड सांगा

कुणी जरा वेगळं दिसणारं फुलपाखरू टिपलं, की 'नवी उपप्रजाती!' म्हणून गलका सुरू. काय वेगळं? मागच्या पंखावरचा नारिंगी पट्टा थोडा रुंद. अहो, कित्येक जातींत ऋतू बदलला की पंखांवरची नक्षीही बदलते.

माझा पहिला प्रश्न असतो, अळी कशावर वाढते? बहुतेकदा उत्तर येतं, "त्या पिवळ्या फुलावर बसलं होतं की!" बसलं होतं ते मध प्यायला!

पश्चिम अमेरिकेतली युफिलोटीस ही नखाएवढी निळी फुलपाखरं घ्या. मादी रानटी बकव्हीटच्या, म्हणजे एरिओगोनमच्या, कळ्याफुलांत अंडी घालते आणि अळी तीच फुलं खाऊन वाढते. फुलपाखरं कोषातून बाहेर पडतात तीसुद्धा त्या झुडपाच्या बहराची वेळ साधून. आता एकाच डोंगरावर दोन प्रकारची बकव्हीटं वेगवेगळ्या महिन्यांत फुलत असतील, तर त्यांवरच्या फुलपाखरांची गाठ पडणार कशी? वेगळेपणाची सुरुवात अशी होऊ शकते, पंख अगदी सारखे दिसत असले तरी. (झाड बदललं म्हणजे उपप्रजाती बदललीच, असं मात्र नाही. एकच फुलपाखरू दोन-तीन झाडांवर सुखाने नांदतं.)

यातलंच एल सेगुंडो ब्लू लॉस एंजेलिस विमानतळाशेजारच्या वाळूच्या टेकड्यांवर राहतं. त्याला १९७६ साली कायद्याचं संरक्षण मिळालं. त्याला हवं असतं एरिओगोनम पार्व्हिफोलियम. तिथे लावलं गेलं लवकर फुलणारं, भलतंच बकव्हीट. त्यावर दुसऱ्या किड्यांच्या अळ्या पोसल्या आणि पुढे याच्या फुलांवर आयते वाटेकरी तयार झाले. बकव्हीट ते बकव्हीट, असं म्हणून चालत नाही ते यासाठी.

लॉस एंजेलिसजवळच्याच पालोस वर्डीस ब्लू या दुसऱ्या निळ्या फुलपाखराचं शास्त्रीय वर्णन झालं १९७७ साली. १९८३ नंतर ते दिसेना, संपलं असंच धरलं गेलं. १९९४ साली ते सॅन पेड्रोच्या लष्करी इंधन डेपोच्या आवारात सापडलं आणि तिथे अळ्या होत्या डिअरवीड नावाच्या रानझुडपावर. तोवर त्याचं झाड म्हणून लोकोवीड या दुसऱ्याच रानवनस्पतीचं नाव घेतलं जायचं.

नाव नसेल तर संरक्षण मागणं जड जातं, हे मान्य. म्हणून घाई समजते. पण झाडाची नोंद करायला नावाची वाट कशाला बघायची? फुलपाखराबरोबर त्या झुडपाचं पान, कळी, फूल यांचेही फोटो काढा, तारीख टाका. आणि नुसतं अंडं दिसलं असेल तर 'अंडं दिसलं' एवढंच लिहा. त्याच झाडावर वाढलेली अळी कोषात गेली आणि फुलपाखरू बाहेर आलं, की मग खुशाल लिहा, हे त्याचं झाड.