‘रक्त नाही ना? मग घरी जा’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या जुन्या वर्गाच्या आणि घरच्या. गाडीचा अपघात झाला तर काय करावं, याचा सल्ला. रक्त आलं नसेल आणि चालता येत असेल तर हॉस्पिटलच्या नादी लागू नका, फार तर एक एक्स-रे काढा. पोलिसांत नोंद झाल्याशिवाय हॉस्पिटलवाले हात लावत नाहीत. दुसऱ्याला उचलून नेलंत तर कोर्टाच्या चकरा तुमच्याच मागे लागतील. त्यापेक्षा जागच्या जागी मिटवा आणि घरी जा. पाठवणारी माणसं आपलीच आहेत, काळजीपोटीच पाठवतात. पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी रक्ताचं. माझे मामा मागच्या वर्षी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरत होते. उतारावर पुढच्या गाडीने ब्रेक मारला, मामांची गाडी मागून आदळली. कुठे खरचटलंसुद्धा नाही. घरी आले, चहा घेतला, गाडीच्या खर्चाचं बोलत बसले. शर्ट बदलताना मामींना वळ दिसला. उजव्या खांद्यापासून छातीवरून डाव्या कमरेपर्यंत, सीटबेल्टच्या रुंदीचा, जांभळट. संध्याकाळी मामा म्हणाले, डावा खांदा ठणकतोय. मामींना ते खटकलं. बेल्ट तर उजव्या खांद्यावर होता, मग दुखतोय डावा कसा? त्या हट्टाने त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेल्या. सोनोग्राफीत पोटात रक्त साठलेलं दिसलं, सीटी स्कॅनमध्ये प्लीहा (स्प्लीन) फाटलेली. प्लीहा डाव्या बरगड्यांच्या आड असते. तिच्यातून झिरपलेलं रक्त वर श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागतं आणि दुखणं डाव्या खांद्यात जाणवतं. खांद्याला काहीच झालेलं नसतं. मामांचं ऑपरेशन टळलं, पण तीन दिवस आयसीयूत काढावे लागले. त्या संध्याकाळी आम्ही बाम चोळत बसलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजूनही नको वाटतो.

अपघातानंतर शरीरात ॲड्रेनालिन उसळतं आणि काही तास वेदना दबून राहते. त्या वेळी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच कळत नसतं. डोक्याच्या माराचं तर आणखी फसवं. कवटीच्या आत रक्त साठत असताना माणूस मध्ये काही वेळ अगदी ठीक बोलतो, चालतो आणि मग ढासळतो. घरात कुणी म्हातारं असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला साधा धक्का बसला तरी तपासून घ्या. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, न आवरणारी गुंगी, असंबद्ध बोलणं, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, नाकाकानातून पाण्यासारखं गळणं, पोट फुगणं, लघवीतून रक्त, धाप लागणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि ‘एक एक्स-रे’ने भागत नाही. त्यात हाडं दिसतात. मेंदूतला रक्तस्राव किंवा फाटलेली प्लीहा त्यात दिसत नाही.

पोलिसांत नोंद झाल्याशिवाय उपचार नाहीत, हे तर उघड चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीवर ताबडतोब उपचार करणं त्याचं कर्तव्य आहे, कागदपत्रं नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येही तेच आहे. हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची ‘मेडिको-लीगल केस’, नोंदवतं म्हणून लोक बिचकतात. पण पोलिसांना कळवायचं काम हॉस्पिटलचं असतं, आणि पुढे नुकसानभरपाईचा दावा करायची वेळ आली तर ‘मार या अपघातातच लागला’ हे सांगणारा पहिला कागद हाच. दोन आठवड्यांनी दुखणं घेऊन गेलात, तर तो संबंध जोडणं फार अवघड जातं.

पैशांची धास्ती मला समजते. केंद्राने मे 2025 मध्ये कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार मिळतात. पुण्यात सरकारी ससून हॉस्पिटल तर आहेच. 108 ची ॲम्ब्युलन्स फुकट येते आणि सोबत डॉक्टर असतो. मानेला किंवा पाठीला मार असेल आणि जागेवर आगीचा वगैरे धोका नसेल, तर जखमीला ओढून रिक्षात कोंबू नका, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मान हलू देऊ नका. पाणीही पाजू नका. भूल द्यावी लागली तर पोटातलं फुप्फुसात जायचा धोका असतो.

मदत करणारा अडकतो, ही भीती आपल्या लहानपणी खरी होती. आता तसं नाही. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि 2019 च्या दुरुस्तीने त्यांना संरक्षण देणारं कलम 134अ मोटार वाहन कायद्यात आलं. नाव, पत्ता, फोन सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळ कितीतरी गाड्या एकमेकींवर आदळल्या, ते आठवा. अशा वेळी जखमीजवळ पहिला हात पोचतो तो शेजारून जाणाऱ्याचाच. तो हात हा मेसेज मागे खेचतो, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

राहिलं जागच्या जागी मिटवणं. ज्याची गाडी अपघातात आहे त्या चालकासाठी हे वरचं संरक्षण नाही, त्याच्यावर वेगळी जबाबदारी आहे: जखमीच्या उपचारांची सोय करायची आणि पोलिसांना कळवायचं. जमावाची भीती असेल तर तिथून निघून आधी पोलीस चौकी गाठता येते, कायद्याने जमावाच्या रागाचा विचार केलेला आहे.

मामांनी त्या दिवशी मिटवलंच होतं. पुढच्या गाडीवाल्याला पाच हजार दिले, दोघांनी हात मिळवले आणि निघाले. त्या गाडीत मागच्या सीटवर एक मुलगी होती, कॉलेजमधली असेल. मान धरून बसली होती, पण ‘ठीक आहे काका’ म्हणाली. मागून बसलेल्या हिसक्याने मान दुसऱ्या दिवशी आखडते, हे मामांना आयसीयूत डॉक्टरांकडून कळलं. तिला एकदा फोन करून विचारावं असं त्यांनी किती वेळा म्हटलं असेल. पण नंबर कुणीच घेतला नव्हता.