‘जीव वाचवला’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ऊसतोडीत सापडलेलं बिबट्याचं पिल्लू चार दिवस घरात ठेवून रील टाकणाऱ्या पोराला मी नावं ठेवली, याचा तुम्हाला राग आलाय. तुमचं म्हणणं: त्यानं जीव वाचवला, माया लावली की वाघाचंही मांजर होतं, शाहू महाराजांनी चित्ते पाळले, प्रकाश आमट्यांनी बिबटे सांभाळले, मग कायदा फक्त गरिबाच्या पोरालाच का? वर ‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं’ हेही आहेच. एसीचं सोडा, आमच्या शिवारात मोटरीची लाईट रात्रीची असते. बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत जावं लागतं.

‘रीलवीर’ हा शब्द मी वापरायला नको होता, तेवढं मान्य. पोराच्या मनात वाईट नव्हतं.

पण त्यानं जीव वाचवला कुणापासून? बिबटीण उसातच विते. कोयते वाजायला लागले की ती बाजूला सरते, पिल्लं मागं राहतात. म्हणून ती पोरकी होत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या फडात दोन सापडली, डोळे नुकते उघडलेली. वन खात्याच्या माणसांनी तपासून ती टोमॅटोच्या कॅरेटात घातली आणि संध्याकाळी, जिथं सापडली तिथंच ठेवली. तोड थांबवली, सगळ्यांना लांब पाठवलं, कॅमेरा लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही फोटो पाहिले. आईनं पंजानं कॅरेट कलंडवलं, एकाला मानेला धरून नेलं आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्यासाठी परत आली. त्या रीलवाल्या पोराच्या पिल्लाची आईही पहिल्या रात्री अशीच आली असणार. पिल्लू तेव्हा खाटेखाली होतं.

आता पाळायचंच म्हटलं तर हिशोब करू. गाईचं दूध पाजलं की पिल्लाला हगवण लागते. नुसतं बिनहाडाचं चिकन दिलं तर कॅल्शियमअभावी पायाची हाडं वाकतात. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग वाघ-बिबट्यासारख्या मोठ्या मांजरांनाही होतो. २०१८मध्ये गीरचे सिंह त्यानं मेले, आणि आपल्या वाड्या-वस्त्यांवर मोकाट कुत्री किती, हे तुम्हाला सांगायला नको. मोठं झाल्यावर रोज ३ किलो मटण धरा, म्हणजे वर्षाला हजार किलोच्या वर. हे पंधरा-वीस वर्षं. पिंजऱ्याला वरूनही जाळी हवी, कारण बिबट्या झाडावर चढणारा प्राणी. आणि वयात आल्यावर त्यानं कधी खेळता खेळता मान धरली, तर त्याला ‘सोड’ म्हणून कळत नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या घडलाय. बिबट्याचं पिल्लू माणसाळतं, पण त्याची जात माणसाळलेली नाही.

शाहू महाराजांच्या चित्त्यांमागं चित्ते सांभाळणं हाच पोटापाण्याचा धंदा असलेले चित्तेवान होते. तरी एक गोष्ट विसरू नका. कैदेत चित्त्यांची वीण होईना. जहांगीरच्या काळी एका मादीला पिल्लं झाली, तर त्याची खास नोंद झाली. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून धरलेला. पुढं कोल्हापूरला ते आफ्रिकेतून आणावे लागले, आणि १९५२ साली आपल्याकडचा चित्ता संपल्याचं जाहीर झालं.

आमट्यांच्या हेमलकशाची गोष्ट वेगळी. तिथं आली ती शिकारीत आई मेलेली पिल्लं. त्यांना परत न्यायला कुणी उरलेलंच नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर १९७२च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, शिक्षा ३ ते ७ वर्षं. गरीब-श्रीमंत दोघांनाही तीच. श्रीमंत सुटतो ही तुमची तक्रार खोटी नाही, पण त्यावर उपाय म्हणून गरिबानंही पिंजरा बांधावा, हे काही मला पटत नाही.

आणि हाताला सवकलेलं पिल्लू पुन्हा रानात सोडणं जवळजवळ अशक्य. त्याचं उरलेलं आयुष्य जुन्नरजवळच्या माणिकडोहसारख्या बिबट्यांच्या निवारा केंद्रात, जाळीमागं.

तुमचाही ऊस आहे असं लिहिलंय. तोड सुरू झाली की मुकादमाला १९२६ हा वन खात्याचा नंबर देऊन ठेवा. आणि पिल्लू दिसलं तर हात लावायच्या आधी कोयते थांबवायला सांगा.