नारळ आणि श्रीफळ

कामावरून काढलेल्या माणसाच्या हाती आपल्याकडे नारळ देतात आणि सत्कारमूर्तीच्या हाती श्रीफळ. फळ तेच, दुसऱ्या प्रसंगी सोबत शाल मिळते एवढाच फरक. आपण चार मित्र जमवून नुकताच रॉक बँड काढला असेल आणि आज ना उद्या हाती पडणाऱ्या नारळाचे कालांतराने श्रीफळ व्हावे अशी आपली इच्छा असेल, तर अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात, एरी सरोवराच्या काठी उभ्या असलेल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा कारभार आधी नीट समजून घ्यावा. पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात येऊन २५ वर्षे झाली की बँड तिथल्या सन्मानाला पात्र ठरतो, इतके स्पष्ट आहे. त्या बँडमधली नेमकी कोणती माणसे पात्र ठरतात, हे मात्र दर बँडच्या वेळी नव्याने सुचत असावे.

सर्वांत आधी, बँडच्या सुरुवातीलाच त्यात सामील होण्याचा मोह टाळावा. लिव्हरपूलच्या पीट बेस्टला तो टाळता आला नाही. त्याच्या आईने, मोना बेस्ट यांनी, १९५९ साली आपल्या घराच्या तळघरात कॅस्बा नावाचा कॉफी क्लब काढला आणि पुढे बीटल्स म्हणून गाजलेली मुले तिथे वाजवू लागली. म्हणजे मुलाच्या आधी आईच बँडच्या कामाला लागली होती. ऑगस्ट १९६० मध्ये पीट त्यांचा ड्रमर म्हणून हॅम्बुर्गला गेला, बांबी किनो नावाच्या चित्रपटगृहात पडद्यामागच्या कोंदट खोलीत, मुताऱ्यांच्या शेजारी झोपला, रोज रात्री तासन् तास ड्रम बडवत राहिला आणि अखेर पॉल मॅकार्टनीसह जर्मन पोलिसांकरवी मायदेशी धाडला गेला. परतल्यावर लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात पुन्हा तेच. एवढे सगळे झाल्यावर, १६ ऑगस्ट १९६२ रोजी, व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी त्याला आपल्या कार्यालयात बोलावून नारळ दिला. बाकीचे तिघे त्या खोलीत नव्हते. मित्राला काढताना मित्रांनी समोर असू नये, हा शिष्टाचार आपणही शिकून ठेवावा. ‘लव्ह मी डू’ ही पहिली तबकडी ५ ऑक्टोबरला दुकानांत आली, म्हणजे बरोबर पन्नास दिवसांनी. तेव्हा सुरुवात करायचीच असेल, तर ती शेवटच्या पन्नास दिवसांत करावी.

पीटच्या जागी आलेल्या रिंगो स्टार यांनी वेळ अचूक साधली, तरी त्यांनाही पहिला प्रसाद चुकला नाही. ११ सप्टेंबरला त्याच गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी ड्रमवर अँडी व्हाइट या रोजावर बोलावलेल्या वादकाला बसवण्यात आले आणि रिंगोंच्या हाती खंजिरी देण्यात आली. नारळापेक्षा खंजिरी बरी, हे १९८८ साली सिद्ध झाले. त्या वर्षी हॉल ऑफ फेमने चार बीटल्सना गौरवले. त्यांपैकी मॅकार्टनी व्यावहारिक वादांमुळे समारंभाला आलेच नाहीत. पीट बेस्टचे नाव यादीत नव्हते.

आपण तरीही सुरुवातीलाच सामील झाला असाल, तर व्यवस्थापकाची निवड काळजीपूर्वक करावी, कारण आपला सन्मान होईल की नाही हे सांगता येत नसले तरी त्याचा होण्याची शक्यता दाट असते. रोलिंग स्टोन्सचे व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम यांनी १९६३ साली ठरवले की, बँडमध्ये सहा चेहरे लोकांच्या लक्षात राहणार नाहीत आणि पियानोवादक इयन स्टुअर्ट यांचा चेहरा तर मुळातच शोभत नाही; तेव्हा स्टुअर्ट यांना काढण्यात आले. एपस्टाइन आणि ओल्डहॅम या दोघांनाही हॉल ऑफ फेमने १० एप्रिल २०१४ रोजी, ब्रुकलिनमधील एकाच समारंभात, सन्मानित केले. नारळ देणाऱ्याला श्रीफळ मिळते, ही परंपरा आपल्या सत्कारसमित्यांनाही अपरिचित नसावी.

ती रात्र तर मुळातून अभ्यासण्यासारखी आहे. त्याच मंचावर निर्वाणा हा बँड गौरवला गेला, पण तीन जणांपुरता. १९८९ सालच्या ‘ब्लीच’ या त्यांच्या पहिल्या अल्बमवर ज्याचे ड्रम ऐकू येतात तो चॅड चॅनिंग प्रेक्षकांत बसला होता, आणि त्याच्या जागी आलेल्या डेव्ह ग्रोल यांनी मंचावरून त्याचे नाव घेऊन आभार मानले. आभारांवर ज्यांचे पोट भरते त्यांच्यासाठी ही उत्तम सोय आहे. त्याच रात्री किस या बँडचाही गौरव झाला, आणि तिथे न्याय नेमका उलटा: मूळचे चारच जण आत, ज्यांत बँड सोडून गेलेले एस फ्रेली आणि पीटर क्रिसही आले, त्यांच्या जागी वर्षानुवर्षे वाजवणारे मात्र बाहेर. सुरुवातीच्या माणसाचे मोल काय, या प्रश्नाला एका संध्याकाळी, एकाच सभागृहात, दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात आणि दोन्ही वेळा टाळ्या वाजतात. आपण कोणत्या बँडमध्ये आहात हे म्हणूनच आधी पाहून घ्यावे.

इयन स्टुअर्ट यांनी स्वीकारलेला मार्ग लांबचा, पण खात्रीचा आहे. बँडमधून काढले, तर रुसून घरी जाऊ नये; त्याच बँडची गाडी चालवावी, वाद्ये लावून द्यावीत, गरज पडेल तेव्हा पियानो वाजवावा आणि फोटो काढण्याची वेळ आली की बाजूला व्हावे. असे दोन दशकांहून अधिक काळ केल्यावर १९८९ साली बँडसोबत त्यांचेही नाव हॉल ऑफ फेममध्ये लागले. त्याआधी, डिसेंबर १९८५ मध्ये, त्यांचे निधन झाले होते, हा या मार्गातला एक बारीकसा दोष.

केवळ प्रतिभेवर मात्र भिस्त ठेवू नये. गिटारवादक डेव्ह मस्टेन यांना मेटॅलिका या बँडने एप्रिल १९८३ मध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसच्या बसमध्ये बसवून दिले, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काही दिवसांच्या प्रवासाला. त्याच वर्षी आलेल्या बँडच्या पहिल्या अल्बममधील दहांपैकी चार रचनांवर त्यांचे नाव आहे. २००९ साली बँडचा सन्मान झाला, तेव्हा त्यांना पाहुणे म्हणून येऊन बसण्याचे आमंत्रण मिळाले आणि ते गेले नाहीत. २००३ मध्ये आलेले बासवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्या नावावर तोवर बँडचा एकच स्टुडिओ अल्बम होता. त्यांना रीतसर सन्मान मिळाला. ते गुणी वादक आहेत, याबद्दल वाद नाही.

नियम शोधण्याच्या फंदातही पडू नये. डीप पर्पल या बँडच्या पहिल्या तीन अल्बमांवर रॉड इव्हान्स गायले आणि निक सिम्पर यांनी बास वाजवला; दोघांनाही १९६९ साली नारळ मिळाला. २०१६ साली इव्हान्स आत गेले, सिम्पर बाहेर राहिले. इव्हान्स तोपर्यंत कित्येक वर्षे संगीतक्षेत्रातून अंतर्धान पावले होते, तेव्हा तोही एक उपाय करून पाहता येईल.

यावर विचारी मंडळी म्हणतात की, कुठेतरी रेषा ओढावीच लागते, नाहीतर आल्यागेल्या सगळ्यांनाच शाल द्यावी लागेल. हे मलाही पटते. क्वीन या बँडमध्ये जॉन डीकन १९७१ साली येण्यापूर्वी बास वाजवणारे एकामागून एक तिघे येऊन गेले, त्यांची नावे यादीत नाहीत म्हणून कोणी मोर्चा काढू नये. आणि त्याच क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांनी पाचगणीच्या शाळेत असताना ज्या मुलांसोबत पहिला बँड काढला, त्यांच्यासाठी क्लीव्हलंडला अर्ज करावा असे अस्सल सातारकरही म्हणणार नाही. पण दोन वर्षे रोज रात्री घाम गाळून ज्याने बँडला बँड केले, त्याच्यात आणि चार महिने येऊन गेलेल्यात फरक करता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी रेषा ओढण्याचे काम तरी दुसऱ्याकडे द्यावे. आणि जागेची अडचण म्हणाल, तर १९९४ साली ग्रेटफुल डेड या बँडचे एकूण बारा जण आत घेतले गेले, त्यांत बँडचा वादक नसलेला गीतकारही होता. इमारत खचल्याचे वृत्त नाही.

आता सर्व उपाय थकलेच, तर पीट बेस्टचा उत्तरार्ध पाहावा. त्याने लिव्हरपूलमध्येच सरकारी रोजगार कार्यालयात सुमारे वीस वर्षे नोकरी केली, म्हणजे ज्यांना नारळ मिळाला त्यांना नवे काम शोधून दिले. या पदासाठी त्याच्याइतका अनुभवी उमेदवार मिळणे कठीण होते. मग १९९५ साली बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या ‘अँथॉलॉजी’ संग्रहाचा पहिला भाग आला. त्यातील दहा गाण्यांवर ड्रम त्याचे आहेत, आणि त्यांचे घसघशीत मानधनही त्याला मिळाले. मुखपृष्ठावर जुने फोटो आणि भित्तिपत्रके एकावर एक चिकटवलेली दिसतात. त्यातल्या बँडच्या एका जुन्या फोटोत पीट बेस्टचे डोके तेवढे फाडलेले आहे आणि त्या भोकातून खालच्या कागदावरचा रिंगोंचा चेहरा डोकावतो. हात आत घेतले, डोके बाहेर ठेवले. तेव्हा आपल्या बँडचा पहिला फोटो निघेल, त्या दिवशी छायाचित्रकाराकडून एक जादा प्रत मागून घ्यावी आणि तिच्या मागे पेन्सिलने आपले नाव व तारीख लिहून ठेवावी. क्लीव्हलंडला ती पुरावा म्हणून चालत नाही, पण पाहुण्यांना दाखवता येते.