आलेखाने रेषा ओलांडली म्हणून सिझेरियन? नाही

‘प्रसूतीच्या ॲपमधल्या आलेखाने अलर्ट लाइन ओलांडली की सिझेरियन करावंच लागतं’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. गर्भाशयमुख किती वेळात किती उघडलं ते या आलेखात भरतात; अलर्ट लाइन ही त्यातली सावध करणारी तिरकी रेषा.

फिल्पॉट आणि कॅसल या संशोधकांनी ही रेषा १९७२ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियासाठी, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेसाठी, मांडली. हेतू एवढाच, की खेड्यातल्या दवाखान्यातल्या सुईणीला अडलेली बाई वेळीच ओळखता यावी आणि मोठ्या रुग्णालयात पाठवता यावी. रेषेमागे गृहीतक होतं ते गर्भाशयमुख ताशी किमान एक सेंटिमीटर उघडण्याचं. पुढे नायजेरिया आणि युगांडातल्या १३ रुग्णालयांत पाहणी झाली, तेव्हा याहून सावकाश उघडूनही नीट बाळंत झालेल्या कितीतरी बाया आढळल्या. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या, प्रसूतीच्या नोंदींच्या नव्या तक्त्यातून ती तिरकी रेषाच काढून टाकली. शिवाय प्रसूतीची सक्रिय अवस्था, म्हणजे गर्भाशयमुख भराभर उघडू लागण्याचा टप्पा, आता ते चार नव्हे, पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरतात.

आणि ॲप स्वतः काहीच तपासत नाही. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकायचे ते नर्सनेच. बाळंतपण उरकल्यावर आठवून भरलेला आलेख दिसतो मात्र फार देखणा!