आप्पांची वही

सासूबाईंना शिऱ्यात घालायला बेदाणा हवा होता म्हणून आज येता येता एका सुक्यामेव्याच्या दुकानात शिरले. पाकिटावर नुसतं 'अफगाणी बेदाणा' लिहिलेलं. कुणी आणला, कुठून आणला, काही नाही. माल हिरवागार, लांबट, आणि आमच्याकडच्यापेक्षा स्वस्त. दुकानदाराला विचारलं, "हा नक्की कुठला?" तर म्हणाला, "ताई, कुठला का असेना, गोड आहे ना?"

पाकीट समोर ठेवून लिहितेय. राग अजून उतरलेला नाही.

तासगाव तालुक्यातल्या बागायतदाराची लेक आहे मी. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून लागणारं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट, शेडमधली जाळी, आणि पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसणं. एक अवकाळी सर आली की हिरव्याचा काळा होतो, हे माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना सांगायची गरज नाही.

आमच्या आप्पांची एक वही आहे. २०१० च्या फटक्यानंतरची. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा, अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. इथल्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतंच, दुकानात मात्र उघड मिळत होतं. आप्पांचा माल ज्या निर्यातदारानं नेला होता, त्यानं हात वर केले. त्या वर्षीचे पैसे गेले ते गेलेच. दुसऱ्या हंगामापासून आप्पांनी दोनशे पानी वही घातली. कुठलं औषध, किती मिली, कुठल्या ओळींना, किती वाजता, सगळं त्यात. कुणी मागितलं तर दाखवता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता मला सांगा, दहावी शिकलेल्या माणसाला जे जमतं ते दिल्लीला का जमत नाही?

साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियातल्या सार्क देशांचा आपसातला मुक्त व्यापार करार, २००६ पासून लागू आहे. अफगाणिस्तान २००७ मध्ये सार्कमध्ये आला. सार्कमधल्या गरीब देशांना आपण जवळजवळ सगळ्या मालावर शुल्कमाफी दिलीय. ती द्यायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अट एकच, माल तिथल्या मातीत पिकलेला हवा. तसा दाखला असतो, मूळ देशाचा. आणि बेदाण्याच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, गेली काही वर्षं सगळे उघड बोलतात की चीनचा बेदाणा अफगाणिस्तानच्या नावावर येतो, नेपाळमार्गे चोरून येतो. ज्या जुलैत, २०२५ च्या, ब्रिटनशी मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या, त्याच महिन्यात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार याच चोरट्या बेदाण्याबद्दल अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहीत होते. तिकडे नव्या कराराचे हार-तुरे, इकडे जुन्या कराराच्या भोकातून पोती आत येतायत.

नियम नाहीत असं नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून कायदाच आहे की शुल्कात सवलत मागणाऱ्या आयातदारानं माल कुठे पिकला त्याची माहिती जवळ ठेवायची, पाच वर्षं जपायची, अधिकाऱ्यानं मागितली की द्यायची. म्हणजे आप्पांचीच वही की! पण मागणार कोण? संशय आला तर दाखला देणाऱ्या देशाला विचारायचं असतं. काबूलमध्ये २०२१ ला सत्ता पालटली, तिथून उत्तर आलं नाही तर पोतं अडवायचं की सोडायचं? पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. बंदरावरच्या संशयित पोत्यातला मूठभर बेदाणा तपासायला तिकडे पाठवायचा, असं कुणी ठरवून दिलंय का? हे सगळं सही करायच्या आधी ठरवायचं असतं. माणसं किती लागतील, प्रयोगशाळा कुठली, तक्रार कुणाकडे. लग्न ठरवायचं आणि पंगतीला वाढणार कोण ते ठरवायचं नाही, असं कुठल्या घरात होतं?

मिरीचं हेच झालं, व्हिएतनामची मिरी श्रीलंकेवरून आली आणि केरळ-कर्नाटकचा शेतकरी बसला. दुबईकडून शुल्क वाचवायला प्लॅटिनमच्या नावाखाली सोनं आलं. दर वेळी आधी माल येतो, मग ओरड होते, मग नियम येतो. ज्या युरोपनं आमची द्राक्षं अडवली, त्यांनी २०२० मध्ये व्यापार करार पाळले जातायत का हे बघायला स्वतंत्र मुख्य अधिकारी नेमला. त्यांचा राग येतो मला. पण ते आपल्या शेतकऱ्यासाठी वही घालून बसलेत.

ठीक आहे, स्वस्त बेदाणा गिऱ्हाइकाला हवाच असतो, मलाही पुण्याच्या महागाईत कळतं ते. आणि ब्रिटनच्या करारानं आपल्या मालाला दार उघडेल, तेही मान्य. करार नकोत असं मी म्हणतच नाही.

लिहिता लिहिता एक गोष्ट मनात आली आणि जरा शांत झाले. कंदाहारलाही कुणीतरी आप्पा असतील. तिथला बेदाणा पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला. त्यांच्या नावावर दुसऱ्याचा माल खपतोय, म्हणजे बुडाले तेही. त्या दुकानातल्या पाकिटानं दोन बापांना फसवलंय.

गेल्या हंगामात मी आप्पांबरोबर सौद्याला गेले होते. ताटात आमचा हिरवा माल, एकही काळा दाणा नाही. व्यापाऱ्यानं मूठ भरली, वास घेतला, छान म्हणाला आणि किलोमागे तीस रुपये कमी बोलला. "काका, बाहेरचा लय आलाय." आप्पा काही बोलले नाहीत. पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं बघितलीसुद्धा नाही. पुढच्या ताटाकडे गेला. आप्पांनी वही परत पिशवीत घातली, आणि मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं, कारण त्यांना आवडलं नसतं.

त्या तीस रुपयांपेक्षा ती न बघितलेली वही मला लागलीय. ज्यानं सगळं लिहून ठेवलं त्याचा भाव पडतो, आणि ज्याच्या पोत्यावर काहीच लिहिलेलं नाही त्याचा माल खपतो.

खासदारांना टॅग करणार आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात बेदाणा आहे त्यांनी पाकीट उलटं करून बघा, काय छापलंय ते खाली लिहा. फोटोही टाका.

आत्ताच आप्पांना फोन करून पाकिटाबद्दल सांगितलं. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "पॅकिंगची तारीख काय हाय बघ." सांगितली. "थांब, पेन घेतो."