माझा उशीर झाला तर दंड, त्यांचा झाला तर 'फाईल वर गेलीय'

१४३ दिवस. माल पोचवून आज १४३ दिवस झाले आणि आज सकाळीही तेच उत्तर मिळालं, "बिल टाकलंय, फाईल वर गेलीय, पुढच्या आठवड्यात फोन करा." मागच्या सोमवारी हेच, त्याच्या मागच्या सोमवारीही हेच. शटर वर करायचं, देवाला उदबत्ती लावायची आणि पहिला फोन या एका बिलासाठी लावायचा, हा माझा नेमच झालाय. वीट आलाय याचा. आज फोन ठेवल्यावर हात थरथरत होते, म्हणून लिहायला बसलोय.

भोसरीत माझा छोटा कारखाना आहे. ३ सीएनसी, १ व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापून पार्ट घडवणारी यंत्रं), ११ माणसं. बरंचसं काम गाड्यांच्या पार्टचं. गेली सहा वर्षं थोडं काम एका सरकारी संरक्षण कारखान्याचं करतो. कुठल्या ते लिहीत नाही, कारण लिहिलं तर पुढची ऑर्डर गेली म्हणून समजायचं. सगळा कारभार या भीतीवरच चाललाय.

हे काम मी पैशासाठी धरलं नव्हतं. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं फिटर होते. १९६९ साली त्या कारखान्याला १०० वर्षं झाली, तेव्हाच्या गोष्टी ते अजून सांगतात. आपल्या घरात घडलेली वस्तू सैन्याच्या कामी येते याचा अभिमान मी लहानपणापासून बघितलाय. म्हणून एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, की परदेशातून येणारा एक पार्ट इथे बनवून घ्यायचाय, तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता हो म्हणालो.

पार्ट म्हणजे मुठीएवढं अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग. आत बारीक पिचचे आटे, बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापात फरक चालतो तो फक्त २० मायक्रॉनचा, भिंत इतकी पातळ की चक जरा जास्त आवळला तरी बोअर अंडाकृती होतो. त्यासाठी पार्ट धरायला वेगळं फिक्स्चर बनवलं, ८५ हजार गेले. ड्रॉइंग मिळालं ते झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. एका ठिकाणी आकडा ६ आहे की ८ हे भिंग लावूनही कळेना. लेखी विचारलं. उत्तर यायला सात आठवडे लागले. डिलिव्हरीची तारीख मात्र होती तिथेच.

आणि पहिले पाच नग फुकट. त्याला नावच आहे, 'नो कॉस्ट नो कमिटमेंट'. म्हणजे साहित्य तुमचं, टूल तुमचं, लॅबचे रिपोर्ट तुमच्या खर्चानं, चाचणीत पास झालात तरी आम्ही ऑर्डर देऊच असं नाही. दीड वर्ष चाचण्या चालल्या. त्या दीड वर्षात माझ्या बँकेनं एक दिवसाचं व्याज सोडलेलं नाही.

मग ४०० नगांची ऑर्डर आली. सगळे नग दिले. इन्स्पेक्शनला बोलावणं पाठवल्यावर माणूस आला तब्बल १९ दिवसांनी. एकेक नग गो-नोगो गेजनं तपासला, अ‍ॅल्युमिनियमच्या बारचा हीट नंबर, म्हणजे तो धातू कुठल्या ओताचा त्याचा क्रमांक, सर्टिफिकेटशी ताडून बघितला. तपासणी कडक असलीच पाहिजे, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. या वस्तूच्या जोरावर कुणाचा तरी जीव आहे. पण ते १९ दिवस माझ्या उशिरात धरले! आठवड्याला अर्धा टक्का दंड. पत्र लिहिलं, जाऊन भेटलो, विनवण्या केल्या. "करारात आहे," एवढंच उत्तर. करारात माझ्या उशिराचा दंड आहे. त्यांच्या उशिराचा एक शब्द नाही.

बिल ९ लाख ४० हजारांचं. त्यावर जीएसटी १ लाख ६९ हजार. हा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो, बिलाचे पैसे येवोत न येवोत. कच्च्या मालावर आधीच भरलेला जीएसटी वजा केला तरी उरलेली रक्कम माझ्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या उसन्या पैशातून गेली. ज्या पैशाचं मला तोंड दिसलं नाही त्यावर मी सरकारला कर भरला, बँकेला व्याज भरलं, आणि सरकारचाच कारखाना माझे पैसे दाबून बसलाय. दिवाळीला माणसांचा बोनस द्यायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, त्याचा त्रास जास्त होतो.

कायदा नाही असंही नाही. २००६ चा लघुउद्योगांचा कायदा आहे. माल घेतल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरायचं, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०१७ ला तक्रारीसाठी 'समाधान' पोर्टलही आलं. माझ्या ओळखीत सात-आठ जण हे काम करतात, एकानंही तक्रार केलेली नाही. कारण तक्रार केली की पुढच्या वेळी तुमच्या नगात आटे सैल निघतात, पृष्ठभागावर ओरखडे दिसतात, तुमची कागदपत्रं अपुरी ठरतात. जो कायदा वापरला की धंदा बुडतो, तो माझ्या काय कामाचा?

आता दुसऱ्या बाजूला बघा. परदेशी कंपनीशी मोठा करार झाला की आगाऊ हप्ता ठरलेला असतो. पुढे माल जहाजावर चढल्याची कागदपत्रं बँकेत पोचली की लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर, पैसे सुटतात. तिथे कुणी "फाईल वर गेलीय" म्हणत नाही, म्हणायची सोयच नाही. म्हणजे वेळेवर पैसे देता येतात. पद्धत आहे, यंत्रणा आहे, माणसंही तीच आहेत. फक्त समोर भोसरीचा माणूस असला की ते करायचं नाही.

डॉलरचं तर डोक्यातच जातं. भारतीय कंपनीच्या मोठ्या संरक्षण करारातसुद्धा आयात केलेल्या भागासाठी विनिमय दरातला फरक भरून द्यायची तरतूद असते. डॉलर चढला, फरक घ्या. माझ्या ऑर्डरवर लिहिलेलं असतं 'फर्म अँड फिक्स्ड', म्हणजे दर बदलणार नाही. मी दर भरला तेव्हाचा अ‍ॅल्युमिनियम बारचा भाव आणि प्रत्यक्ष खरेदीच्या दिवसाचा भाव यातला फरक माझ्या बोकांडी. बाहेरून येणाऱ्या मालाला भाववाढीपासून संरक्षण आणि इथे बनणाऱ्याला नाही, मग कुठला शहाणा माणूस इथे बनवेल? तो दुबईमार्गे आणेल, वरचं आवरण बदलेल आणि देशी म्हणून खपवेल.

तसं घडलंही आहे. धनुष तोफ आठवते का? १९८६ च्या बोफोर्स करारात मिळालेल्या कागदपत्रांवरून आपण उभी केलेली तोफ. तिच्यासाठी जर्मन म्हणून पुरवलेली बेअरिंग चिनी निघाली म्हणून २०१७ मध्ये सीबीआयनं दिल्लीच्या एका पुरवठादारावर गुन्हा नोंदवला. वाचून माझं रक्त उसळलं होतं. असले लोक आमच्यातलेच, त्यांना पाठीशी घालायचं कारण नाही. त्यांच्यापायी आमच्यासारख्या दहा जणांकडे संशयानं बघितलं जातं. पण सगळ्यात कमी दर भरणाऱ्यालाच काम आणि पैसे सहा महिन्यांनी, हा हिशेब प्रामाणिक माणसाला परवडत नाही. जो परवडवून दाखवतो त्याच्याकडे लबाडी शोधावी लागते.

परवा एका नात्यातल्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी, २०१३-१४ ला ती ६८६ कोटी होती. आकडा खरा आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. नागपूरला दारूगोळा बनतोय, पिनाका रॉकेट यंत्रणा आपल्या पुण्याच्या पाषाणला जन्मली, एटॅग्स तोफेच्या ३०७ नगांचा करार २०२५ च्या मार्चमध्ये झाला. हे कौतुक मी करतोच. पण त्याच काकांना मी दुसरा आकडा पाठवला, २०२० ते २४ या पाच वर्षांत जगभरच्या शस्त्र आयातीत युक्रेननंतर दुसरा नंबर आपलाच, ८.३ टक्के. युक्रेन युद्धात आहे. काकांचं त्यावर उत्तर आलं नाही.

आयातच करू नका असं म्हणणारा मी नाही. सीमेवरच्या माणसाला आज रायफल हवी असेल तर ती आजच मिळाली पाहिजे, कुठूनही आणा. बुलेटप्रूफ जॅकेटांचं काय झालं ते आठवतंय मला. १ लाख ८६ हजार जॅकेटांची गरज २००९ साली नोंदवली गेली, आणि करार झाला २०१८ मध्ये. नऊ वर्षं! त्या नऊ वर्षांत गस्तीवर गेलेल्या पोरांना देशीविदेशीचं काय? म्हणून आणीबाणीत बाहेरून घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण आणीबाणी दर वेळी आपणच तयार करतो, टाळाटाळ करून. २०१९ ला ७२,४०० अमेरिकन रायफली तातडीनं घेतल्या. २०२४ ला परत ७३ हजारांच्या आसपास त्याच घेतल्या. मधल्या पाच वर्षांत काय केलं?

आणि नगसंख्या बघा. तिकडे ऑर्डर ७२ हजारांची, एका दमात. मला या वर्षी ४००, पुढच्या वर्षी शून्य, त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित १२०. यातून किंमत कशी खाली यायची? मग तेच लोक टेबलाच्या पलीकडून म्हणतात, परदेशी माल स्वस्त पडतो. अहो, पडणारच! तिथला कारखाना तोच पार्ट वीस वर्षं सलग काढतोय. मला पाच वर्षांची खात्री लेखी द्या, त्यांच्यापेक्षा कमी दरात देतो, पैज लावतो.

तेजस या आपल्या लढाऊ विमानाचंही दुखणं तेच आहे, फक्त मोठ्या आकाराचं. कार्यक्रम १९८३ ला मंजूर, पहिलं उड्डाण २००१ ला. २०२१ मध्ये ८३ मार्क-१ए विमानांचा करार झाला, पहिलं विमान २०२४ च्या मार्चपर्यंत द्यायचं ठरलं. इंजिन अमेरिकेचं, कारण १९८९ ला सुरू केलेलं आपलं कावेरी तेजसच्या पोटात कधी बसलंच नाही. मागवलेल्या ९९ अमेरिकन इंजिनांतलं पहिलं आलं २०२५ च्या मार्चमध्ये. हवाई दलप्रमुखांना बंगळुरूच्या विमानप्रदर्शनात तेजस बनवणाऱ्या सरकारी एचएएलवर भरवसा वाटत नाही असं तोंडावर बोलावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या (तुकड्यांच्या) जागी २९ उरल्या. ऑक्टोबरात आपल्या नाशिकजवळच्या ओझरमधून मार्क-१ए उडालं, टीव्हीसमोर उभा राहून बघितलं मी, डोळ्यांत पाणी आलं. पण इंजिन दुसऱ्याच्या हातात आहे तोवर आपलं वेळापत्रक पण त्याच्याच हातात, हे त्या पाण्यातूनही दिसत होतं.

माझ्याकडेही तेच आहे, लपवत नाही. माझ्या मशीनचा कंट्रोलर जपानचा, बॉलस्क्रू तैवानचा, स्पिंडलची बेअरिंग बाहेरची. मागच्या वर्षी कंट्रोलरचं एक कार्ड गेलं तर नऊ आठवडे मशीन बंद होती. ज्या मशीनवर स्वदेशी पार्ट बनतो ती मशीनच स्वदेशी नाही, यावर कुणी बोलत नाही. आयात थांबवून इथेच बनवायच्या वस्तूंच्या यादीत किती वस्तू घातल्या याच्या बातम्या येतात. संरक्षण उत्पादन विभागाच्या पाच याद्या मिळून ५,०१२ वस्तू आहेत. त्या बनवणाऱ्यांची बिलं किती दिवसांत दिली, याची यादी लावा ना! दर महिन्याला, कारखान्यानिशी, दिवसांसकट. त्याला कुठलं तंत्रज्ञान लागत नाही, कुणाचा परवाना लागत नाही. इन्स्पेक्शन १५ दिवसांत झालं नाही तर माल मंजूर धरा. तिप्पट व्याज मी मागायची वाट न बघता बिलातच जोडून द्या, जसा माझा दंड न विचारता कापता. जो अधिकारी फाईल दाबतो त्याचं नाव त्या यादीत येऊ द्या.

आमचे सेटर मामा, २६ वर्षं लेथवर काढलेला माणूस, आज जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "दादा, हे काम सोडा आता, गाडीच्या पार्टला निदान साठ दिवसांनी तरी पैसे येतात." मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्यांच्या हातून या पार्टचा एकही नग रिजेक्ट गेलेला नाही. ४०० पैकी ४०० पास. आणि त्याच माणसाचा या महिन्याचा पगार मी दोन हप्त्यांत दिलाय.

काल संध्याकाळी त्याच पार्टचं नवं टेंडर निघालंय. ६० नग. गुरुवारी दुपारी ३ ला बंद होतंय. ड्रॉइंग जोडलंय, तेच. तो आकडा अजून ६ आहे की ८ ते दिसत नाही.